चेटकिणीचं नाक

शिवणकाकूंना गल्लीत कुणी नावाने हाक मारल्याचं कुणालाच आठवत नाही. खिडकीशी शिवणयंत्र, यंत्रामागे काकू, आणि काकूंच्या चेहऱ्यावर सगळ्यांत पुढे त्यांचं नाक. चांगलं लांब, मध्ये किंचित वळलेलं, शेंड्याला खाली झुकलेलं. लग्न ठरलं तेव्हा सासूबाई कुणाला तरी सांगत होत्या, "मुलगी कामाची आहे. नाकाचं काय एवढं, नाक थोडंच स्वयंपाक करणार आहे?" काकूंनी ते दाराआडून ऐकलं आणि त्यांना हसू फुटलं. तेव्हा त्या हसायच्या. राग यायचा, पण आला तसा जायचाही.

घर अरुंद, दोन मजली. खाली स्वयंपाकघर आणि खिडकीची खोली, मधून लाकडी जिना, वर एकच खोली. त्या वरच्या खोलीत धाकटे दीर राहायचे. नवरा बस कंडक्टर. सकाळी खाकी कपडे चढवून जायचा आणि संध्याकाळी पाय सुजवून यायचा. शांत माणूस. दिवसभर "पुढे चला, पुढे चला" ओरडून घसा बसलेला असायचा, त्यामुळे घरी बोलायची त्याला हौसच नव्हती. दीर मात्र बोलघेवडे. त्यांचा धंदा लहान मुलांच्या पुस्तकांत चित्रं काढायचा. समुद्रावरचे चाचे, राक्षसांचे किल्ले, उडते घोडे, ड्रॅगन, बुडालेली जहाजं, जे काही या जगात नाही ते सगळं त्यांच्या खोलीत वाळत घातलेलं असायचं.

आता कुणाला वाटेल, जे जगात नाही ते काढायला काय लागतं, डोळे मिटायचे आणि काढायचं. दिरांचं तसं नव्हतं. डोळ्यांसमोर असल्याशिवाय त्यांना एक बोट काढता यायचं नाही. ड्रॅगनचे पंख काढायचे तर आधी तुटकी छत्री हवी. छत्रीच्या काड्या आणि ताणलेलं काळं कापड बघून बघून त्यांनी पंख काढले, आणि ते पंख असे झाले की प्रकाशकांच्या कचेरीतला शिपाई म्हणे ते चित्र पालथं घालून ठेवायचा.

साहजिकच घरातल्या कुणाची सुटका नव्हती. दमून आलेल्या कंडक्टरला चपला काढायच्या आत चाच्यांचा कप्तान व्हावं लागायचं. एक पाय कपड्यांच्या टोपलीवर, हातात छत्री, डोळ्यावर काळी पट्टी.

"दादा, जरा क्रूर बघ ना."

"अरे, मला चहा हवाय."

"हां, हां, तसंच! चहा न मिळाल्यासारखंच बघ!"

सासरे पातेलं डोक्यावर घालून राजे झाले. सासूबाई एकदा जलपरी झाल्या होत्या, म्हणजे फक्त कमरेखालच्या. उशीच्या अभ्र्यात दोन्ही पाय घालून पलंगावर पडल्या आणि छान झोपल्या. आणि या सगळ्यांचे कपडे शिवायचे कुणी? काकूंनी. दिरांना झगा नुसता सांगून कळायचा नाही, त्याच्या चुण्या कशा पडतात ते बघायला हवं. मग काकू जुन्या पडद्यांचे झगे शिवायच्या, फाटक्या चादरीची शिडं शिवायच्या. नवऱ्याची एक जुनी खाकी पँट गुडघ्यात कापून त्यांनी ती खलाशाची केली. ती जुनी नव्हतीच असं पुढे निघालं, पण तोवर खलाशी छापून झाला होता.

काकूंना या कामाची मनापासून गोडी होती. दिवसभर शाळेचे गणवेश शिवायचे, तेच निळे स्कर्ट, तीच पांढरी कॉलर, आणि मधेच जिन्यावरून हाक यायची, "वहिनी, परीराणीला बाह्या कशा असतात हो?" की काकूंची मान वर. "राणी आहे ना? मग फुग्याच्या. आणि मनगटाला बटणं नकोत. राणीची बटणं लावणार कोण?" पुस्तक छापून आलं की त्या आधी झगे बघायच्या. आपली शिलाई चित्रात ओळखायच्या आणि गोष्ट मग सावकाश वाचायच्या.

काकूंना मूल झालं नाही. डॉक्टर झाले, औषधं झाली, मग तो विषय घरात कुणी काढेनासं झालं. पण गल्लीतली पोरं काकूंच्या खिडकीवर मुंगळ्यांसारखी चिकटलेली असायची. काकूंकडे रिकामी रिळं मिळायची, बाहुलीला चिंध्या मिळायच्या, आणि काकूंना सगळ्या पुस्तकांतल्या गोष्टी छापायच्या आधीच ठाऊक असायच्या. त्या रिळांच्या गाड्या व्हायच्या, मनोरे व्हायचे. काकू पायाने यंत्र चालवायच्या आणि तोंडाने गोष्ट. शिवण जोरात चाललं की गोष्टीतलं वादळही जोरात यायचं. सुट्टीच्या दिवशी दारात इतक्या चपला पडायच्या की कंडक्टर घरात शिरताना सवयीने म्हणायचा, "आत सरका, आत सरका."

हे असं चाललेलं असताना ते बेटाचं पुस्तक आलं.

गोष्ट साधी होती. एक भाऊ, एक बहीण, वादळात वाट चुकून एका बेटाला लागतात. बेटावर उंच मनोरा, मनोऱ्यात एक चेटकीण. ती वाट चुकलेल्या पोरांना ठेवून घेते आणि त्यांना असं सार पाजते की त्यांना आपलं घर आठवेनासं होतं. शेवटी मुलं कासवाच्या पाठीवर बसून पळून जातात आणि चेटकीण मनोऱ्याच्या खिडकीत उभी राहून बघत राहते. एवढंच.

दिरांना चेटकीण मिळेना. शेजारपाजारच्या बायकांना विचारायची सोय नव्हती. कुठली बाई हो म्हणेल? सासूबाई तोवर गेल्या होत्या, सासरेही. दीर जिन्यात बसून डोकं खाजवत होते, आणि खाली काकू सुईत दोरा ओवत होत्या. ही दोरा ओवायची त्यांची एक पद्धत होती. डावा डोळा घट्ट मिटायचा, ओठ आत ओढून घ्यायचे, हनुवटी पुढे, मान वाकडी, आणि उजवा डोळा सुईच्या नेढ्यावर रोखायचा. खिडकीतून उजेड नेमका नाकावर पडलेला. दिरांनी कागद ओढला आणि जिन्यातच काढायला बसले. काकूंना पत्ताच नाही. त्यांनी दोरा ओवला आणि उरलेला निळा स्कर्ट पुरा केला.

पुस्तक छापून आलं. मुखपृष्ठावरच चेटकीण, एक डोळा मिटलेली, नाक हे एवढं. गंमत अशी की काकूंनी स्वतःला ओळखलंच नाही. सुईत दोरा ओवताना आपण कशा दिसतो हे कुणी आरशात बघतं का? त्या म्हणाल्या, "अगंबाई, काय भयंकर बया आहे ही! भावजी, कुठे सापडली?" दीर नुसते हसले. कंडक्टरने पुस्तक हातात घेतलं, एकदा पुस्तकाकडे बघितलं, एकदा बायकोकडे, आणि पुस्तक खाली ठेवून अंघोळीला निघून गेला. त्याला कळलं होतं.

काकूंना कळलं ते नंतर. कोपऱ्यावरच्या घरातली एक लहान मुलगी फ्रॉकचं बटण तुटलं म्हणून आली होती. रोजची होती ती, काकूंच्या पायाशी बसून रिळं रचायची. काकूंनी बटण घेतलं, सुई घेतली, डोळा मिटला. आणि त्या मुलीने वर बघितलं. आधी तिच्या हातातलं रीळ पडलं. मग ती उठली, भिंतीला पाठ लावून दारापर्यंत सरकली आणि तिथून जी किंचाळत सुटली ती घरी जाऊनच थांबली. काकू तशाच बसल्या, एका हातात सुई, एका हातात फ्रॉकचं बटण. मग त्यांनी फडताळातून पुस्तक काढलं आणि कपाटाच्या आरशापुढे उभं राहून एक डोळा मिटून बघितला.

पोरं काही एकदम थांबली नाहीत. आधी खिडकीशी यायची आणि "चेटकीण, डोळा मिट!" असं ओरडून पळायची. मोठी पोरं शर्यत लावून यंत्राला हात लावून जायची. मग तेही संपलं. आणि त्यांच्या आयांचं तर काय सांगावं! मनाने वाईट कुणीच नव्हती. पण पोर जेवत नसलं की सोपा उपाय सापडला होता. "जेवतोस की बोलावू शिवणकाकूंना?" एक बाई तर लेकराला काखेत मारून थेट दारातच आली. "काकू, जरा चेटकिणीसारखं बघा ना याच्याकडे, दूधच पीत नाही मेला." काकूंनी बघितलं. पोराने दूध प्यायलं. बाई खूश होऊन गेली, आणि त्या दिवशी पहिल्यांदा काकूंच्या हातून कॉलर उलटी शिवली गेली.

संध्याकाळी त्यांनी दिरांना जिन्याच्या पायथ्याशी अडवलं. "भावजी, विचारायचं तरी होतं."

पुस्तक त्या वर्षी तुफान खपत होतं. दीर हवेत होते. ते हसून म्हणाले, "अहो वहिनी, काय हे! राणीला कोण विचारतंय? अख्ख्या देशात तुमचं नाक पोचलंय!"

काकू एक शब्द बोलल्या नाहीत. त्यानंतरही बोलल्या नाहीत.

ताट वाढायच्या, कपडे धुवायच्या, तापात डोक्यावर पट्टी ठेवायच्या, पण बोलणं बंद. बोलायचं ते कंडक्टरमार्फत. "अहो, त्यांना म्हणावं जेवण झालंय." कंडक्टर हात धुता धुता म्हणायचा, "जेवण झालंय रे." "सांग, आलोच." "येतोय गं." तिघेही एकाच खोलीत, हातभर अंतरावर. बसमध्ये मागच्याचे पैसे पुढे आणि पुढच्याचं तिकीट मागे करण्यात त्याचं आयुष्य गेलं होतं, त्याला त्यात काही अवघड वाटलं नाही. कधी कधी निरोप कडू असला तर तो वाटेत थोडा गाळून द्यायचा. काकू म्हणायच्या, "त्यांना म्हणावं, पायांना चिखल लागलाय, डोळे फुटलेत का?" तर पलीकडे पोचायचं, "पाय पूस रे जरा."

झगे शिवणंही थांबलं. काकूंनी जिना चढणंही सोडलं. दिरांच्या चित्रांतल्या राण्यांचे झगे त्यानंतर पत्र्याचे दिसायला लागले, असं काकू मनात म्हणायच्या. नवं पुस्तक आलं की त्या चोरून बघायच्या. दीर चेटकिणीनंतर खूप नावाजले, पण लग्न केलं नाही, आणि घरही सोडलं नाही. रिकाम्या रिळांचा डबा भरला, दुसरा काढला, तोही भरला. पुढे काकू रिळं टाकून द्यायला लागल्या.

आणि मग कंडक्टर गेला. निवृत्त झाल्यावर काही वर्षं सकाळी खुर्ची दारात टाकून बसायचा. एका सकाळी तिथेच बसल्या बसल्या गेला, कुणाला काही न सांगता. त्याच्या स्वभावाप्रमाणेच.

सगळं आटोपलं, पाहुणे पांगले, आणि संध्याकाळी घरात दोघंच उरली. काकूंनी चहा केला. दोन कप भरले. दीर भिंतीला टेकून बसलेले. आता निरोप द्यायचा कुणाकडे? काकू कप हातात घेऊन उभ्या राहिल्या आणि मग कंडक्टरच्या रिकाम्या खुर्चीकडे बघून म्हणाल्या, "चहा झालाय म्हणावं."

दिरांनी खुर्चीकडे बघितलं. "सांग, घेतो."

तेव्हापासून ती खुर्ची मधे राहिली. कुणी तिच्यावर बसायचं नाही. भाजी काय आणायची, दिवा गेलाय, पाणी येणार नाही, सगळं खुर्चीला सांगायचं. बाहेरच्या कुणी बघितलं असतं तर दोघांनाही दवाखान्यात नेलं असतं. पण त्यांचं ठीक चाललं होतं.

एक दिवस प्रकाशकीणबाई घरी आल्या. जुन्या प्रकाशकांची मुलगी, वडिलांनंतर कचेरी तीच बघायची. तिने सांगितलं की बेटाच्या पुस्तकाची मूळ चित्रं गोदामात ओल लागून बुरसली. पुस्तक नव्याने काढायचंय, लोक अजून मागतात, पण सगळी चित्रं पुन्हा काढावी लागतील. "काका, तुमच्याकडून होतील?"

दिरांच्या डोळ्याचं नुकतंच ऑपरेशन झालं होतं. ते लहान पोरासारखे ताठ बसले. "न व्हायला काय झालं!"

बाई गेल्यावर काकू यंत्र थांबवून खुर्चीकडे वळल्या. "म्हणावं, काढा चित्रं. पण ते नाक आता पुस्तकात नको. तो डोळाही नको. एकदा चूक झाली ती झाली, माझ्या जिवंतपणी पुन्हा नको. एवढं केलं नाही तर मी या घरात राहणार नाही म्हणावं."

दिरांनी खुर्चीच्या पाठीकडे बघितलं. "सांग," ते म्हणाले, "नाही काढणार. शब्द देतो म्हणावं."

शब्द पाळायला बसले खरे, पण नाकी नऊ आले. कासव जमलं, उलटी कढई समोर ठेवून. मुलं जमली, वादळ जमलं. चेटकीण काही जमेना. भाजीवालीला काढून बघितलं, ती भाजीवालीच दिसायला लागली. मग नुसत्या मनाने एक काढली. छोटं नाक, दोन्ही डोळे उघडे. प्रकाशकीणबाईंनी बघितली आणि बिचारी फार जपून म्हणाली, "सुरेख आहे, काका. पण ही मुलांना ठेवून घेईल असं वाटत नाही. ही त्यांना बसचं भाडं देऊन घरी पाठवेल." छपाईची वेळ जवळ येत चालली होती. बाई म्हणाली, तुम्हाला त्रास होत असेल तर चेटकिणीपुरतं दुसऱ्या कुणाकडून करून घेऊ. दीर "नको नको" म्हणाले आणि जेवणावरून त्यांचं लक्ष उडालं.

एका दुपारी काकूंनी खुर्चीला दोनदा सांगितलं की जेवण झालंय. वरून उत्तर नाही. तिसऱ्यांदा जिन्याशी जाऊन भांडं वाजवलं. तरी नाही. एक माणूस असाच काही न सांगता गेला होता. त्यांनी कठडा धरला आणि दुखऱ्या गुडघ्यांनी, एकेका पायरीवर थांबत, जिना चढायला सुरुवात केली.

दार लोटलं तर समोर काय? काकूंचीच जुनी शाल डोक्यावरून घेऊन दीर आरशापुढे बसलेले. दाढीचे पांढरे खुंट, एक डोळा मिटलेला, ओठ आत ओढलेले, हातात शिवणाची सुई. ऑपरेशन झालेला डोळा मिटत नव्हता आणि चांगला डोळा उघडा राहत नव्हता. आरशात बघून ते स्वतःची चेटकीण करायच्या खटपटीत होते.

काकू हसल्या. म्हणजे त्यांना हसायचं नव्हतं. पण ते आतून आलं, नाकातूनच आलं, आणि थांबेना. त्या दाराच्या चौकटीला धरून, डोळ्यांतून पाणी येईतो हसल्या. दिरांनी घाईघाईने शाल ओढली, ती चष्म्यात अडकली, आणि मग त्यांनाही हसू आवरेना.

हसून झाल्यावर काकूंनी खोली बघितली. भिंतीवर सगळीकडे चेटकिणी. सगळ्यांची नाकं छोटी, सरळ, गोजिरवाणी. आणि एका खिळ्याला अजून तो पडद्याचा झगा लटकत होता, फुग्याच्या बाह्यांचा, रंग उडालेला. काकूंनी बोलायला म्हणून इकडेतिकडे बघितलं. खुर्ची खाली होती.

मग त्या थेट त्यांच्याकडे बघून बोलल्या. "हे कुणाचं नाक आहे, भावजी?"

दिरांच्या हातातली सुई खाली पडली. "कुणाचंच नाही, वहिनी. शब्द दिला होता ना."

"कुणाचंच नाही तेच दिसतंय." काकू पलंगाच्या कडेला बसल्या. गुडघे चोळता चोळता त्या म्हणाल्या, "पोरं यायची बंद झाली, भावजी. माझ्या दारात यायची ती सगळी. मला दुसरं काय होतं? तुम्ही वरून चपला मोजायचात, तुम्हाला ठाऊक होतं. ती एका पुस्तकापायी गेली आणि तुम्ही हसलात."

दीर जमिनीकडे बघत होते. "मला सुचलंच नाही हो. तुमच्या गळ्याची शपथ, वहिनी. मी तुम्हाला बघतच नव्हतो. मी फक्त नाक बघत होतो. उजेड पडला होता नाकावर." ते थांबले. "हसल्यावर कळलं. पण मग तुम्ही बोलेनात, आणि मला दादाकडून माफी कशी मागायची ते समजेना. असली गोष्ट कुणाकरवी कशी सांगायची?"

खाली कुणाचा तरी कुकर शिटी देऊन गेला. काकूंनी पदराने चेहरा पुसला. त्यांचा राग गेला असं नाही. पण इतकी वर्षं तो एकट्याने धरून ठेवला होता, आता समोरच्याच्याही हातात त्याचं एक टोक होतं.

समोर चित्राच्या फळीवर पुस्तकाचं शेवटचं चित्र लावलेलं होतं, अर्धवट. मनोऱ्याची खिडकी, खिडकीत चेटकीण, बाहेर समुद्र, लांब कासवावर दोन मुलं. जुन्या पुस्तकात होती तशीच चेटकीण मूठ उगारून उभी होती.

"ही का चिडलीय?" काकूंनी विचारलं.

"पोरं पळाली ना तिची."

"पुस्तकात लिहिलंय तसं?"

दिरांनी पुस्तक उघडलं. डोळ्यांशी धरून वाचलं. "नाही. नुसतं 'बघत राहिली' आहे."

"मग?" काकू म्हणाल्या. "पोरं गेल्यावर बाई चिडत नाही, भावजी. चिडते ती नंतर. आधी तिला खरंच वाटत नाही. वाटतं, येतील परत, काहीतरी विसरलं असेल त्यांचं. तुम्हाला कसं ठाऊक असणार?"

दिरांनी हळूच कागद बदलला, पेन्सिल घेतली, आणि घसा साफ केला. "वहिनी, बसाल का?"

"विचारताय?"

"विचारतोय."

काकू उठल्या. खिडकीशी गेल्या. शाल डोक्यावरून घेतली, एक हात चौकटीवर ठेवला, आणि बाहेर गल्लीकडे बघत उभ्या राहिल्या. कुणी सांगितलं नव्हतं कसं बघायचं. दिरांनी दोन रेघा मारल्या आणि त्यांचा हात थांबला, कारण या वेळी त्यांना नाक दिसायच्या आधी वहिनी दिसल्या.

"काढा की," काकू न वळता म्हणाल्या. "जेवण गार होतंय. आणि नाक लहान करू नका. माझं आहे ते."

मुखपृष्ठासाठी त्या नंतर खाली यंत्राशी बसल्या आणि डोळा मिटून सुईत दोरा ओवला, एकदा नाही, चांगला पाच-सहा वेळा. "नीट दिसतंय ना भयंकर?" असंही मधेच विचारलं. प्रकाशकीणबाईंनी चित्रं बघितली. मुखपृष्ठ बघून त्या दचकल्या, आणि शेवटचं चित्र उजेडात बघायला खिडकीशी घेऊन गेल्या.

पुस्तक दुकानात आलं. गल्लीत आता वेगळी माणसं, वेगळी पोरं होती. एक दिवस समोरच्या इमारतीतली मुलगी गणवेशाची दुमड उसवली म्हणून आईने पाठवलेली आली, काखेत तेच पुस्तक. काकूंनी स्कर्ट घेतला, सुई घेतली, आणि त्यांचा हात मधेच थबकला. पण दोरा ओवल्याशिवाय शिवणार कसं? त्यांनी डोळा मिटला.

मुलीने बघितलं. पुस्तकाकडे बघितलं, पुन्हा काकूंकडे बघितलं. पळाली नाही. पुस्तकाचं शेवटचं पान उघडून तिने ते यंत्रावर ठेवलं, काकूंच्या अगदी हाताशी.

"आजी, ही तुम्हीच ना?"

"मीच."

"मग मुलं गेल्यावर," मुलीने खिडकीतल्या बाईवर बोट ठेवलं, "तुम्ही तिथे एकट्याच राहिलात?"

काकूंनी सुई खाली ठेवली. वरून जिन्यावर पावलं वाजली. जेवायची वेळ झाली होती.

"एकटी कशाने?" त्या म्हणाल्या. "माझे दीर राहतात ना वर."